सी फॉर्मची सबब

पुण्यातल्या आमच्या महाविद्यालयात शिकायला आलेल्या एका परदेशी मुलाच्या पासपोर्टवर मुंबईच्या विमानतळावर आगमनाचा शिक्का पडला तो दिवस २२ जुलै २०२४, सोमवार. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाने आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करायची असते, म्हणजे त्याच्या हातात ५ ऑगस्टपर्यंतचे दिवस होते. आमच्या महाविद्यालयाने परदेशी विद्यार्थ्यांचं स्वागत ठेवलं २९ जुलैला. फेटे बांधले, औक्षण केलं, ढोल-ताशा बोलावला होता, त्याच्यासमोर फोटो काढले. फोटोत तो छान हसतोय. पाठीवर मोठी सॅक आहे, ती त्याने समारंभभर उतरवलीच नाही. तिच्यात त्याचा सगळा संसार होता. सकाळीच हॉटेल सोडलं होतं आणि रात्री कुठे टेकायचं ते ठरलेलं नव्हतं. हे मला फोटो काढून झाल्यावर, चहाच्या वेळी कळलं.

आमच्या महाविद्यालयात परदेशी विद्यार्थ्यांचा एक कक्ष आहे. कक्ष म्हणजे एक टेबल, दोन कपाटं आणि मी. त्या दिवशी माझ्या यादीत त्याच्या नावापुढे ‘स्वागत झाले’ अशी खूण होती. हे प्रकरण लिहून काढावंसं वाटलं ते त्या खुणेमुळे. मुलाचं आणि इतर कुणाचंही नाव इथे देत नाही. त्याला विचारून, त्याच्याशी बोलून हे लिहिलं आहे.

तो टांझानियातल्या दारेसलामचा. वय २४, आला होता संख्याशास्त्रात एम.एस्सी. करायला. इंग्रजी उत्तम, मातृभाषा स्वाहिली. वडिलांचं सुट्या भागांचं दुकान. वसतिगृहात जागा मिळेल अशा समजुतीने तो आला होता आणि ती समजूत आमच्याच पत्रातल्या एका मोघम वाक्यामुळे झाली होती. प्रत्यक्षात वसतिगृह जूनमध्येच भरलं होतं. स्टेशनजवळच्या एका हॉटेलात तो आठवडाभर राहिला. त्याच आठवड्यात, २५ जुलैला, पुण्यात तो प्रचंड पाऊस झाला, खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत घरांमध्ये पाणी शिरलं. घर बघायला म्हणून तो त्या दिवशी बाहेर पडला आणि डेक्कनपर्यंत जाऊन परत आला. “माझ्या देशात पाऊस पडला की माणसं घरी बसतात. इथे रेनकोट घालून पूल बघायला जातात,” असं तो मला नंतर म्हणाला. नदीला पाणी आल्यावर पुलावर जाऊन उभं राहणं हे पुणेकराचं जन्मजात कर्तव्य आहे, हे त्याला कसं सांगणार?

आता सी फॉर्मबद्दल. परदेशी नागरिकाला जो कुणी आपल्या जागेत ठेवतो, मग ते हॉटेल असो, वसतिगृह असो की तुमच्याआमच्या घरातली मागची खोली, त्याने २४ तासांच्या आत ते सरकारला कळवायचं असतं. कळवण्याच्या त्या नमुन्याचं नाव तेव्हा फॉर्म सी होतं. हॉटेलांना त्याची सवय असते. घरमालकाला आधी पोर्टलवर स्वतःची नोंदणी करावी लागते, मग पाहुण्याचा पासपोर्ट, व्हिसा, फोटो वगैरे भरायचं. पहिल्यांदा अर्धा तास जातो, पुढच्या वेळी दहा मिनिटं. महाविद्यालयाने भरायचा तो वेगळा, तेव्हाचा फॉर्म एस. विद्यार्थ्याची स्वतःची नोंदणी ई-एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर होते आणि तिथे राहण्याचा पत्ता पक्का लागतो. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांचा नवा कायदा लागू झाला, १९४६चा जुना कायदा गेला, पण ठेवून घेणाऱ्याने कळवायचं ही जबाबदारी कायम आहे.

थोडक्यात, घर मिळाल्याशिवाय नोंदणी नाही. आणि घर मिळायचं तर मालकाने एका सरकारी पोर्टलवर जाऊन, ज्याच्या नावात ‘फॉरिनर’ आहे असा अर्ज भरायला तयार व्हायला हवं.

त्या रात्री तो कोंढव्यात गेला. तिथे त्याच्याच देशाचे तीन सीनियर एका फ्लॅटमध्ये राहत होते. त्यांनी गादी दिली, जेवायला घातलं, पण त्यांच्या मालकाने चौथ्या माणसाचा सी फॉर्म भरायला साफ नकार दिला. म्हणजे झोपायला छप्पर होतं, कागदावर मात्र तो कुठेच राहत नव्हता. ३० जुलै ते १ ऑगस्ट या तीन दिवसांत आम्ही नऊ घरं पाहिली. कर्वेनगर, कोथरूड, शिवाजीनगर, एरंडवणे. आम्ही म्हणजे तो, मी आणि कधी कधी आमच्या कार्यालयातले शिपाईकाका, कारण त्यांना गल्ल्या माहीत.

नऊपैकी दोन ठिकाणी ‘फक्त फॅमिली’ होतं. एका ठिकाणी मांसाहार नको होता. ते त्याने लगेच मान्य केलं, तरी नकार आलाच. एका एजंटाने मला बाजूला घेऊन, आवाज खाली आणून, “मॅडम, आफ्रिकन नको म्हणतात हो सगळे,” असं सांगितलं आणि वर सहानुभूतीही दाखवली. एका मालकिणीने दोन महिन्यांऐवजी सहा महिन्यांचं डिपॉझिट मागितलं. एक खोली इतकी ओली होती की आम्हीच नको म्हणालो. उरलेल्या तिघांनी एकच कारण दिलं: सी फॉर्म. पोलिसांचं लफडं नको. उद्या काही झालं तर आम्हाला चौकीत बोलावणार.

खरं सांगायचं तर या तिघांबद्दल मला सुरुवातीला राग आला नाही. मध्यमवर्गीय मराठी माणसाला चोरापेक्षा चौकीची भीती जास्त. सातबारा, इंडेक्स टू, सोसायटीचं ना-हरकत यांत आयुष्य गेलेल्या माणसाला आणखी एक फॉर्म म्हणजे आणखी एक खेटा. म्हणून १ ऑगस्टच्या संध्याकाळी मी तिघांनाही परत फोन केला. म्हटलं, लॅपटॉप घेऊन मीच येते. तुमची नोंदणी मी करून देते, फॉर्म मी भरते, तुम्ही फक्त ओटीपी सांगा. पोलीस चौकीत जावं लागणार नाही.

एक जण तयार झाला, पण भाडं दीडपट सांगितलं. दुसऱ्याला अचानक सोसायटीचा ठराव आठवला. तिसरे गृहस्थ जरा थांबले आणि म्हणाले, “नको हो, मिसेसना नाही पटत.”

हे मी त्याला रिक्षात सांगितलं. त्याने विचारलं, तीन दिवस ते जे सांगत होते त्याला तुमच्या भाषेत काय म्हणतात? मी म्हटलं, सबब. तो चमकलाच. “सबाबू? आमच्याकडेही सबाबू आहे. सबाबू म्हणजे कारण.” अरबीतून निघालेला शब्द त्यांच्या किनाऱ्यावर एका वाटेने गेला, आपल्याकडे फारसीच्या वाटेने आला. तिकडे त्याचा अर्थ सरळ ‘कारण’ असाच राहिला. आपल्याकडे कोर्टकचेरीच्या कागदावर तो अजून कारणच आहे (‘सबब हा अर्ज नामंजूर’), पण बोलण्यात ते न पटणारं कारण झालं, पळवाट झाली. मग स्वारगेटपर्यंत शब्दच काढत बसलो. दुका म्हणजे दुकान, हेसाबू म्हणजे हिशेब, साबुनी म्हणजे साबण, वकिली म्हणजे वकील, बिमा म्हणजे विमा, गारी म्हणजे गाडी. एक लाखाला ते ‘लाकी’ म्हणतात. त्याला घर मिळालेलं नव्हतं आणि मुदतीला चार दिवस होते, पण त्या रिक्षात तो पुण्यात आल्यापासून पहिल्यांदा मोकळा हसला.

या प्रकरणातून शिकण्यासारखं जे काही आहे त्यातलं मोठं तो फोन आहे असं मला वाटतं. परदेशी विद्यार्थ्याला घर नाकारताना पुढे केलेल्या कारणांत खरी अडचण कोणती आणि सबब कोणती, हे तर्काने कळत नाही. अडचण उचलून बाजूला ठेवायची आणि मागे काय उरतं ते बघायचं. तिघांत एकाची अडचण पैशाने सुटणारी निघाली, दोघांची सुटणारी नव्हती. आणि त्याचं वाईट वाटून घेण्यात वेळ घालवण्यापेक्षा दहावं घर शोधणं बरं, हे त्याने माझ्याआधी ओळखलं.

दहावं घर इस्त्रीवाल्याने सांगितलं. एरंडवण्यात तळमजला अधिक तीन मजल्यांची जुनी इमारत, लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावर एक काका-काकू. काका एसटीच्या हिशेब विभागातून निवृत्त, मुलगा कॅनडात. जिन्यातून वेगळं दार असलेली एक खोली, तिला छोटं न्हाणीघर. मी माझं नेहमीचं भाषण सुरू केलं: मुलगा सालस आहे, अभ्यासू आहे, सी फॉर्म मी भरते. काकांनी हात वर करून थांबवलं. “फॉर्मचं सोडा हो मॅडम, तीस वर्षं फॉर्मच भरले. मला एकच सांगू दे त्याला. सकाळी किती वाजता उठतो?”

मी इंग्रजीत विचारलं. त्याच्या तोंडून गेलं, “ट्वेल्व्ह.”

काकूंचा चेहरा पडला. दुपारी बारा! तो घाईघाईने सावरून सांगू लागला: स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, आठ म्हणजे दोन, आणि आपले सहा म्हणजे बारा. इंग्रजी बोलताना तो हा हिशेब डोक्यात बदलून बोलतो, आज गडबडीत राहून गेलं. काका एकदम खुर्चीत पुढे सरकले. “म्हणजे उदयापासून मोजता? अहो, पत्रिकेत इष्टघटी आपण तशीच मोजतो की! बरोबरच आहे त्याचं, आपलं चुकतंय.” पुढची वीस मिनिटं पंचांगावर गेली. मला त्यातलं निम्मं भाषांतर करता आलं नाही, पण त्याची गरजही पडली नाही.

सहाची चौकशी कशासाठी होती ते मग कळलं. इमारतीत महापालिकेचं पाणी पहाटे येतं. ते खालच्या टाकीत पडतं आणि पंप लावून वर गच्चीवरच्या टाकीत चढवावं लागतं. पंप वेळेवर लावला नाही तर वरच्या मजल्याला पाणी नाही, वेळेवर बंद केला नाही तर गच्चीवरून धबधबा आणि शेजारच्या बंगलेवाल्यांशी भांडण. इमारतीत बहुतेक सगळे सत्तरीच्या पुढचे, कामाला पूर्णवेळ माणूस परवडत नाही, आणि काकांचे गुडघे गेलेले. त्यांना भाडेकरू हवा होता त्यापेक्षा पंपवाला हवा होता.

भाडं ९,००० ठरलं, डिपॉझिट दोन महिन्यांचं. मटण-मासे घरात शिजवायचे नाहीत, अंडं चालेल. २ ऑगस्टला तो सॅक घेऊन आला, काकांनी स्वतः चष्मा पुसून, एकेक रकाना मोठ्याने वाचत सी फॉर्म भरला. मला हात लावू दिला नाही. ४ ऑगस्टला, रविवारी रात्री अकराच्या सुमारास त्याचा नोंदणीचा अर्ज ऑनलाइन गेला. मुदतीच्या एक दिवस आधी.

भाडेकराराची मात्र वेगळीच गंमत. लिव्ह अँड लायसन्सचा करार आता सगळे घरबसल्या, आधार आणि अंगठ्यावर करतात. त्याला आधार नाही. परदेशी नागरिकाला आधार मिळू शकतं, पण अर्जाच्या आधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेला असायला हवा. मग दुय्यम निबंधक कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन करार नोंदवला. काकांना त्याचा मुळीच त्रास झाला नाही, उलट सरकारी कार्यालयात डबा घेऊन जायला मिळालं याचा आनंद झाला.

बँकेत हाच १८२ दिवसांचा दगड आडवा आला. पहिल्या शाखेत आधार मागितलं. आधार नाही म्हटल्यावर पॅन मागितलं, मग ‘सिस्टीम घेत नाही’. खरं तर रिझर्व्ह बँकेचा नियम या बाबतीत स्पष्ट आहे. परदेशी विद्यार्थ्याचं एनआरओ खातं (अनिवासी माणसाचं रुपयांतलं साधं खातं) पासपोर्ट, त्यावरचा व्हिसा आणि आगमनाचा शिक्का, फोटो आणि महाविद्यालयाचं प्रवेशपत्र यांवर उघडता येतं. स्थानिक पत्ता ३० दिवसांत द्यायचा. तो पडताळला जाईपर्यंत बाहेरून १,००० डॉलरपेक्षा जास्त रक्कम आणता येत नाही आणि एकूण ५०,००० रुपयांची मर्यादा असते. मी त्या नियमाची छापील प्रत घेऊन गेले. अधिकाऱ्याने ती नीट वाचली आणि नेमका एक शब्दसमूह दाखवला: बँकेच्या इच्छेनुसार. म्हणजे उघडता येतं, उघडलंच पाहिजे असं नाही. दुसऱ्या बँकेच्या शाखेत, अर्ध्या किलोमीटरवर, तीच प्रत दाखवून चाळीस मिनिटांत काम झालं. परदेशी विद्यार्थ्याचं निम्मं नशीब काउंटरच्या पलीकडे कोण बसलंय यावर ठरतं, आणि हे फक्त आपल्याकडेच असतं असं नाही. काकांच्या मुलाच्या कॅनडातल्या कहाण्या ऐकल्या तर हेच.

खातं उघडेपर्यंतचे तीन आठवडे मात्र वाईट गेले, आणि ते का वाईट हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला. मला वाटायचं, रोख पैसे आहेत ना त्याच्याकडे? पण पुण्यात आता चहावाल्याकडेही सुटे नसतात. समोर क्यूआर कोड आणि हातात पाचशेची नोट, अशा अवस्थेत तो रोज टपरीपाशी उभा असायचा. ज्या देशातून तो आला तिथे मोबाइलने पैसे पाठवणं २००८ पासून सुरू आहे. एम-पेसा त्या सेवेचं नाव, आणि त्यातला ‘पेसा’ म्हणजे आपलाच पैसा. त्याची आजी भाजीचे पैसे फोनवरून देते. आम्ही मात्र त्याला ‘इंडियात सगळं डिजिटल आहे’ असं कौतुकाने समजावत होतो, आणि तो सभ्यपणे ऐकून घेत होता. टपरीवाल्याने शेवटी वही घातली. तोवरची सगळी उधारी त्याने खातं उघडल्याच्या दिवशी एका दमात फेडली आणि तो व्यवहार झाल्याचा जो आवाज त्या डबीतून आला, तो त्याने दोनदा ऐकायला लावला म्हणे.

आता पंप.

पहिले आठ-दहा दिवस काका जिन्यात उभं राहून सूचना देत. काकूंचं हिंदी ऐकण्यासारखं होतं: “बेटा, वो बटन दाबके रखनेका नही, सोडनेका.” तो पहाटे उठायचा, खाली जायचा, टाकीत कान लावून पाणी पडतंय का ऐकायचा, पंप लावायचा, गच्चीवर जाऊन पाणी चढल्याची खात्री करायचा आणि भरत आल्यावर बंद करायचा. त्याचं पहिलं मराठी वाक्य ‘माझं नाव अमुक आहे’ हे नव्हतं, जरी आमच्या वर्गात आम्ही तेच शिकवतो. त्याचं पहिलं वाक्य होतं ‘पाणी आलं.’ दुसरं ‘टाकी भरली.’ तिसरं, बहुधा वरच्या मजल्यावरून शिकलेलं, ‘आज प्रेशर नाही.’ ऑगस्टअखेर जिन्यात प्रत्येक जण त्याला तीन प्रश्न विचारू लागला होता: पाणी आलं का, किती वेळ आलं, उद्या येणार का. गुरुवारी पाणी बंद असण्याची महापालिकेची सूचना तो पेपरमधून वाचून काढायचा आणि जिन्यातल्या फळ्यावर लिहायचा. देवनागरीत. ‘गुरूवारी’ असं रू दीर्घ काढायचा. तळमजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका ते रोज पुसून ऱ्हस्व करायच्या.

डिसेंबरमध्ये या प्रकरणाची टिपणं काढायला बसलो तेव्हा मी त्याला विचारलं की पुण्यात आपण रुळलो असं कधी वाटलं. मला वाटलं होतं तो दिवाळीबद्दल बोलेल. काकूंनी त्याला करंज्या लाटायला बसवलं होतं, त्याचे व्हिडिओ आमच्या कक्षाने अभिमानाने फिरवले होते. तो म्हणाला, पंपाची किल्ली दिली त्या दिवशी. मग त्याने एक म्हण सांगितली: ‘म्गेनी सिकू म्बिली, सिकू या तातू म्पे जेंबे.’ पाहुणा दोन दिवस. तिसऱ्या दिवशी त्याच्या हातात कुदळ द्या. टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष जूलियस न्येरेरे यांनी ही म्हण १९६२ मध्ये वापरली होती, त्यामुळे शाळेपासून सगळ्यांना पाठ. ‘म्गेनी’ या एकाच शब्दाचे त्यांच्याकडे दोन अर्थ होतात, पाहुणा आणि परका. “तुमच्या कॉलेजात मी अजून म्गेनी आहे,” तो म्हणाला. “रागावू नका. तुम्ही फार छान वागता. पण प्रत्येक कार्यक्रमात मला पहिल्या रांगेत बसवता.”

रागावण्यासारखं काही नव्हतंच. पुण्यातल्या परदेशी विद्यार्थ्यांची गोष्ट निघाली की एक प्रसंग नेहमी सांगितला जातो. शांताराम मुजुमदार फर्ग्युसनच्या वसतिगृहाचे रेक्टर होते तेव्हा त्यांनी एका मुलीला खिडकीतून एका मुलाला डबा देताना पाहिलं. चौकशी केल्यावर कळलं की मुलगा मॉरिशसचा, त्याला कावीळ झालेली, आणि इथे त्याचं बघणारं कुणी नाही. त्यातून १९७१ मध्ये सिंबायोसिस उभी राहिली. ती गोष्ट आम्ही सगळे डब्याची म्हणून सांगतो, करुणेची म्हणून. मला आता त्यातली खिडकी जास्त दिसते. आत जायची सोय नव्हती म्हणून डबा खिडकीतून गेला. आमचे फेटे आणि औक्षण हे तसे खिडकीतूनच दिलेले डबे होते.

जेवणाबद्दल थोडं, कारण इथे कुदळ आणि डबा दोन्ही एकत्र आले. त्याला हवं होतं उगाली: उकळत्या पाण्यात मक्याचं पीठ घालून, लाकडी उलथण्याने घोटून केलेला घट्ट गोळा, भाजीबरोबर खायचा. त्यांच्याकडे मका पांढरा. इथे किराणा दुकानात पिवळ्या मक्याचं पीठ मिळालं, त्याची उगाली त्याला ‘गोडसर आणि रंगीत’ लागली. काकूंनी दारातून बघून निकाल दिला, “ही तर उकड! फोडणी कुठाय?” मग तांदळाचं आणि ज्वारीचं पीठ मिसळून प्रयोग झाले. ज्वारी जास्त झाली की त्याचा चेहरा पडायचा, तांदूळ जास्त झाला की काकू खूश. मंडईत माठाची जुडी बघून तो ओरडलाच: “म्चिचा!” माठ त्यांच्याकडे नारळाच्या दुधात शिजवतात. काकू कोकणातल्या, नारळाचं दूध काढायला त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. रविवारी तो कोंढव्याला सीनियर मुलांकडे जाऊन मटण खाऊन यायचा आणि काकू त्याला सोमवारी ‘काय काय केलं होतं?’ असं सविस्तर विचारायच्या. स्वतः शाकाहारी नव्हत्याच मुळी. घरातला नियम काकांचा.

सगळं गोड झालं असा समज होऊ नये. सप्टेंबरात त्याला ताप आला, १०२ पर्यंत. वरच्या मजल्यावरच्या एका बाईंनी लगेच शंका काढली की हा ‘तिकडून’ काही घेऊन आला की काय, आणि सोसायटीच्या ग्रुपवर झिकाचा उल्लेख झाला. झिकाचे रुग्ण पुण्यात जूनमध्येच सापडले होते, तेही एरंडवण्यातच, तो यायच्या महिनाभर आधी. हे काकांनी ग्रुपवर लिहिलं, तारखेसह. त्यानंतर दोन दिवस ग्रुप शांत होता. डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह आली, साधा व्हायरल निघाला. त्या चार दिवसांत पंप काकांच्या गुडघ्यांवर पडला आणि एकदा टाकी वाहून गेली. पाचव्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या त्याच बाई त्याच्यासाठी पेज घेऊन आल्या. शंकेबद्दल त्यांनी माफी मागितली नाही. त्यानेही अपेक्षा केली नव्हती; म्हणाला, “पाणी नव्हतं ना चार दिवस.”

रस्त्यावर टक लावून बघणारे होते, न विचारता फोटो काढणारे होते. बसमध्ये शेजारची जागा रिकामी राहायची. याबद्दल तो फारसं बोलत नाही. मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा त्याने विषय बदलला, म्हणून इथेही मी त्यापुढे जात नाही.

कक्ष म्हणून आमचं चुकलं ते असं. फॉर्म एस आम्ही नवव्या दिवशी भरला, तो पहिल्या दिवशी भरता आला असता. बोनाफाइड प्रमाणपत्रासाठी त्याला दोनदा यायला लावलं. वसतिगृहाबद्दलचं ते मोघम वाक्य पत्रात कुणी घातलं याचा शोध घेतला तर ते मीच, तीन वर्षांपूर्वी. २०२५च्या तुकडीच्या वेळी स्वागत समारंभ आम्ही पाचव्या आठवड्यात ठेवला आणि पहिल्या आठवड्यात एका लॅपटॉपसह दोन माणसं घरमालकांकडे पाठवली. दोघांपैकी एक तो होता. घरमालकाशी मराठीत, “काका, ओटीपी सांगा फक्त,” असं तो बोलला की निम्मं काम व्हायचं. उरलेल्या निम्म्या ठिकाणी सबबी ऐकायला मिळायच्या, पण आता त्याला त्या चटकन ओळखू येत होत्या. त्याला मानधन देता आलं नाही, विद्यार्थी व्हिसावर काम करून पैसे घेता येत नाहीत. ही गोष्ट मला अजून टोचते.

मे २०२५ मध्ये ती इमारत पुनर्विकासाला गेली. अकरा महिन्यांचा करार संपतच आला होता. बिल्डरने सगळ्यांना भाडं देऊ केलं आणि सत्तरीतल्या काका-काकूंवर घर शोधायची पाळी आली. पहिला आठवडा संपल्यावर काकांचा फोन आला. “मॅडम, पाच घरं झाली. वयस्कर माणसं नकोत म्हणतात. रात्री-बेरात्री काही झालं तर जबाबदारी कुणाची, असं विचारतात. मुलगा परदेशात म्हटलं की चेहराच बदलतो.” जरा थांबून म्हणाले, “आपल्या पोराला घेऊन जातो आता बरोबर. तो विचारतो बरोबर, सबब आहे की सबाबू.”

कोथरूडमध्ये तळमजल्यावर त्यांना जागा मिळाली, आठवं घर. तो स्वतः दोन मुलांबरोबर कर्वेनगरला गेला. तिथल्या मालकाने सी फॉर्म हा शब्द ऐकला नव्हता; याने समोर बसून भरून घेतला, पत्ता बदलल्याची नोंदही त्याच रात्री केली. नवीन जागा कशी आहे विचारलं तर म्हणाला, उजेड आहे, लिफ्ट आहे, बाजारही जवळ आहे. पण पाण्याचा पंप ऑटोमॅटिक आहे, आपोआप चालू होतो, आपोआप बंद होतो, हे त्याने जरा नाराजीनेच सांगितलं.